उगवतीकडं तोंड केलेली छत्री

माणसानं दुसऱ्याच्या घरी जावं, चहा प्यावा, चिवडा खावा, आवडला तर परत मागून घ्यावा. पण त्या घरातल्या टीव्हीचा रिमोट स्वतःच्या मांडीवर घेऊन बसू नये. नातवंडांची लग्नं करायची वेळ आली तरी ही गोष्ट जिला कुणी शिकवली नव्हती, ती बाई म्हणजे आमच्या मस्कतच्या घरमालकाची आई, झुवेनाबाई.

रोज उन्हं कलली की ती यायची. खालच्या मजल्यावर तिचं घर, वर आमचं. दार वाजवायची पद्धत नाही. आधी जिन्यातून उदाचा वास यायचा, मग ती. उंबऱ्याबाहेर चपला मात्र न चुकता काढायची, तेवढं वळण होतं. आत आली की सोफ्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात बसायची, जिथं पंखा बरोबर डोक्यावर येतो, आणि टीपॉयवरचा रिमोट उचलायची. मग बसायची तहसीलदार कचेरीत बसल्यासारखी.

टीव्ही आमचा. टीव्हीखालचा डबा आमचा, विट्याहून बॅगेत घालून आणलेला. गच्चीवरची छत्री आमची, तिचा रिचार्ज विट्यात बसून माझा थोरला मुलगा भरायचा. कार्यक्रम मराठी, त्यातलं अक्षर तिला कळत नव्हतं. आणि बटण दाबायचं कुणी, तर हिनं.

मी धाकट्या सुनेला, सारिकाला म्हटलं, तू शिकलेली आहेस, तुला हिंदी येतं, हिला गोडीनं सांग. तर ती पोरीचं दुपटं बदलता बदलता म्हणाली, "आत्या, मालकाच्या आई आहेत त्या. आणि पहिल्या दिवशी रिमोट तुम्हीच दिलात त्यांच्या हातात."

दिला होता, नाही कशाला म्हणू? पण आपल्यात रीत असते. शेवटची भाकरी पाहुण्याला वाढायची असते, ती त्यानं खायची नसते. आपण म्हणायचं घ्या, त्यानं म्हणायचं नको, आपण म्हणायचं घ्या हो, त्यानं ताटावर हात आडवा धरायचा. मग ती भाकरी घरच्यांनी वाटून खायची. पाहुण्याचा मान राहतो आणि घरची भाकरीही राहते. मी रिमोट पुढं केला तो या रीतीनं. हिनं घेतला, कपाळाला हात लावून मान झुकवली, आणि त्या दिवसापासून तो तिचाच झाला.

डबा मस्कतला कसा गेला ते सांगायला पाहिजे. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात. विट्याच्या आसपास एक गाव असं नाही की जिथला पोरगा परमुलखात भट्टीसमोर बसलेला नाही. आमच्या ह्यांनी उभा जन्म कोइमतूरला काढला. माझा धाकटा भास्कर त्याच्याही पलीकडं समुद्र ओलांडून गेला, मस्कतच्या सोनार बाजारात. त्याला मुलगी झाली आणि सारिकाच्या आईचे गुडघे गेलेले, म्हणून मला बोलावणं आलं.

निघायच्या दिवशी थोरली सून सुनंदा माझी बॅग भरत होती. बघते तर शेंगदाण्याच्या चटणीच्या आणि पापडाच्या मधे, माझ्या जुन्या साडीत गुंडाळून, आमच्या टीव्हीचा डबा आणि रिमोट. मी म्हटलं, "हे काय, घरातला टीव्ही आंधळा करून मला देतीस?"

"आम्ही नवा घेतोय," ती म्हणाली. "हा तुम्ही घेऊन जावा."

एवढंच. सुनंदाचं बोलणं असंच. वीस वर्षं माझ्या घरात नांदली, पण तिचं सगळं बोलणं काट्यावर ठेवलं तर तोळाभर भरायचं नाही. माझ्या मनात आलं ते आलंच. म्हातारी आणि जुना डबा, दोन्ही एका दमात घराबाहेर.

मुंबईच्या विमानतळावर त्या मशिनीतून बॅग गेली आणि एका पोरानं मला बाजूला घेतलं. आजी, ह्यात काय आहे? मी म्हटलं, टीव्ही. तो म्हणाला, टीव्ही तर दिसत नाही. मी म्हटलं, टीव्ही मस्कतात आहे, ह्यात फक्त मराठी आहे. तो हसला आणि त्यानं साडी परत नीट गुंडाळून दिली. कुणाच्या तरी आईनं वळण लावलेला असावा.

मस्कतात केरळचा एक मेकॅनिक आला. तो म्हणाला, गावाकडं चालते तेवढी छत्री इथं चालायची नाही, हिच्या दुप्पट पाहिजे. भास्करनं मला समजावलं ते असं, की वरचा उपग्रह उजेड टाकतो तो आपल्या देशावर. मांडवात दिवा लावला तर रस्त्यावर जेवढा उजेड सांडतो, तेवढाच इथं पडतो. तो गोळा करायला भांडं मोठं लागतं. आणि ते बोटभर जरी हललं तरी चित्र गेलंच. गच्चीवरनं बघितलं तर आसपासच्या घरांच्या सगळ्या छत्र्यांची तोंडं मावळतीकडं, आमची एकटी उगवतीकडं. कपडे वाळत घालायला गेले की मी तिच्याकडं बघायची. नवी सासुरवाशीण अंगणात बसून माहेरच्या वाटेकडं बघते ना, तशी दिसायची.

एकदा वाऱ्यानं तिची मान वळली आणि टीव्ही मुका झाला. भास्करनं विट्याला फोन केला, थोरल्यानं कंपनीला फोन केला. कनेक्शन विट्याच्या पत्त्यावरचं, म्हणून मस्कतचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस शिडी घेऊन आमच्या विट्याच्या दारात हजर. सुनंदानं त्याला पोहे दिले, चहा दिला आणि सांगितलं, डबा आत्यांच्या संगं गेलाय, त्या आल्या की या. तो माणूस पोहे खाऊन गेला म्हणे. इकडं छत्री शेवटी त्या केरळच्या मेकॅनिकनंच सरळ केली.

माझं घड्याळ मी विट्याचंच ठेवलं होतं, कारण टीव्ही त्याच घड्याळावर चालायचा. विट्यात दिवेलागण व्हायची तेव्हा मस्कतात अजून लख्ख ऊन असायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. नातीला तेल लावावं, झोळीत घालावं, भाकरी टाकाव्या, आणि मग मालिका. दिवस चांगले चालले होते. फक्त ती बाई आणि तो रिमोट.

खरं सांगायचं तर मालिका बघायला तिच्यासारखी जोडीदारीण मला विट्यात मिळाली नसती. भाषा कळत नसल्यामुळं ती माणसाच्या तोंडाकडं बघायची. एखादी नवी बाई मालिकेत आली की थोडा वेळ निरखायची आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणायची, "ये अच्छा औरत नहीं." आणि ती बाई पुढच्या आठवड्यात सासूच्या दुधात काहीतरी मिसळायची. दागिन्यांची तर तिला भारी चौकशी. हे काय, ते काय. मी सांगायची, ही ठुशी, हा कोल्हापुरी साज, आणि ते गळ्यातलं सगळं खोटं आहे, पितळ आहे, आमच्या घरात तीन पिढ्या सोनं गाळलंय, मला चकाकी फसवत नाही. मग ती तिच्या हातातली जाड बांगडी काढून माझ्या हातात द्यायची. मी वजन घ्यायची आणि मान डोलवायची. चोख होतं. सोन्यात खोट नव्हती तिच्या.

पण जाहिरात लागली की ही बाई बटण दाबायची. दर जाहिरातीला. कुठं बातम्या, कुठं साडीचं दुकान, कुठं तेलुगू सिनेमातली मारामारी, सगळीकडं फिरून मग कधीतरी आपल्या जागेवर यायची. तोवर दुधात काय मिसळलं ते होऊन गेलेलं असायचं. मी दात आवळून बसायची. पाहुणी ना.

अशात एक दिवस विट्याहून फोन आला. त्या वेळी टीव्हीवर सुनांचा एक कार्यक्रम लागायचा. एक झब्बेवाला गावोगाव जायचा, सुनांना खेळ खेळायला लावायचा, शेवटी जिंकलेलीला साडी द्यायचा. खेळ निमित्ताला. खरी गोष्ट म्हणजे तो प्रत्येकीला विचारायचा, सासूबाईंची एक सवय सांगा. आणि सुनांची तोंडं सुटायची. एका बाईनं सांगितलं होतं की सासू पुऱ्या मोजून डब्यात ठेवते. सगळ्या महाराष्ट्रानं ते ऐकलं. ती सासू पुढं कुठल्या तोंडानं पुऱ्या तळत असेल देव जाणे. मी पोट धरून हसले होते.

तर तो झब्बेवाला विट्यात येऊन गेला होता आणि आमची सुनंदा त्यात होती. शेवटच्या तिघींत होती. गुरुवारी दाखवणार होते.

मी फोनवर विचारलं, "सवय विचारली का?"

"विचारली की."

"मग काय सांगितलंस?"

"बघा की टीव्हीवर," ती म्हणाली, आणि दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला.

आमच्या आळीत माझ्यासमोर कुणी मोठ्यानं शिंकत नाही. लग्नात देण्याघेण्यावरून अडलं की लोक मला बोलावतात. असा माझा मान. आणि आता वीस वर्षं गप्प बसलेल्या बाईनं तोंड उघडलं होतं, तेही झब्बेवाल्यासमोर. तिनं काय साठवलं असेल? मी हिशेब करायला लागले आणि सोडून दिला. सांगायला गेली तर तिच्याकडं माल बक्कळ होता. बरं, विट्यातलं सगळं गाव बघणार, भावकी बघणार, तिच्या माहेरचे बघणार. मीच बघितलं नाही तर परत जाऊन उत्तर काय द्यायचं? मला ते ऐकायलाच पाहिजे होतं, तिच्याच तोंडून, जसं सगळ्यांनी ऐकलं तसं.

मंगळवारी झुवेनाबाईचा मुलगा हिलाल वर आला. उंच, पांढरा झगा, बोलायला मऊ. भास्करशी दारातच बोलला. गच्चीवर पाण्याची नवी टाकी बसवायची होती, मोठी, उगवतीच्या कोपऱ्यात. तिथं आमची छत्री. तेवढी काढून घ्या, कामगार उद्या येतील. भास्करनं मान हलवली. दुसरी जागा नव्हती, बाकी गच्ची त्यांच्याच सामानानं भरलेली.

दार लागल्यावर मी भास्करला म्हटलं, हो म्हणायला तुला लाज नाही वाटली? तो म्हणाला, "आई, मालक आहे तो. त्याची गच्ची, त्याची टाकी. आपण काय बोलणार?"

"तो मालक असंल," मी म्हटलं. "पन त्याला बी आई हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, डबा भरला, नवी साडी नेसले आणि सारिकाला आणि नातीला घेऊन खाली गेले. इतक्या दिवसांत त्या घरात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. रोज तीच यायची वर. झुवेनाबाईनं मला हाताला धरून आत नेलं, गालिच्यावर बसवलं, पाठीमागं तक्क्या लावला. खजूर आला, हलवा आला, आणि चोचीच्या किटलीतून कॉफी आली. दूध नाही, साखर नाही, वेलदोड्याचा वास. कप इवलासा, बिनकानाचा.

मी प्याले. तिनं परत ओतली. परत प्याले. आता मी तिथं मागायला गेलेली. मागणाऱ्यानं देणाऱ्याला नको म्हणू नये, एवढं मला कळतं. ती ओतायची, मी प्यायची. ती माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं. मला वाटलं, ही माझी परीक्षा बघतेय. म्हटलं बघ, मी बी खानापूर तालुक्यातली हाय. किती कप झाले ते मोजायचं मी सोडून दिलं. छाती धडधडायला लागली, कपाळाला घाम. किटली संपली तर तिनं सुनेला हाक मारून दुसरी मागवली.

तेव्हा कुठं सारिका कानाशी आली. "आत्या, कप हलवा."

"आं?"

"हातातला कप असा थोडा हलवायचा आणि मग द्यायचा. नाही हलवला तर त्या ओततच राहणार. त्यांच्यात तशी पद्धत आहे."

"मग आधी सांगायला तोंड न्हवतं का?"

"मला वाटलं तुम्हाला आवडली."

मी कप हलवला. झुवेनाबाईनं लगेच किटली खाली ठेवली. तिचं तोंड असं फुललं होतं की विचारू नका. माझी कॉफी आजवर इतकी कुणी प्यालेली नाही, असं ती सारिकाला म्हणाली. मग पोळीचा तुकडा तोंडात टाकून माझ्याकडं वळली, म्हणजे आता बोल.

माझं हिंदी तिच्याहून मोडकं. मी म्हटलं, मेरा बडा बहू टीवी में आनेवाला, कल. तुम्हारा लडका छत्री निकालता. फिर मैं कैसे देखूँ?

तिनं पोळी चावून गिळली. "बहू क्या बोलेगा टीवी में?"

"मेरे बारे में बोलेगा," मी म्हटलं. "क्या बोलेगा, वोही तो देखने का है."

झुवेनाबाईनं आतल्या दाराकडं बघितलं. आत तिची सून कप विसळत होती, आवाज येत होता. ती बराच वेळ तो आवाज ऐकत राहिली. सासू होती ना तीही. मग तिनं हिलालला हाक मारली.

माय-लेकांचं बोलणं त्यांच्या भाषेत झालं. तो हात वर करून गच्ची दाखवत होता, टाकी केवढी ते दाखवत होता. तिनं आवाज चढवला नाही. दोन वाक्यं बोलली आणि पोळीचा दुसरा तुकडा घेतला. तो डोक्यावरची टोपी सारखी करत बाहेर गेला. सारिकानं नंतर भास्करकडून ऐकलं ते असं, की टाकी मावळतीच्या कोपऱ्यात बसवायचं ठरलं. तिथं हिलालची स्वतःची छत्री होती, फुटबॉलची. ती निघाली. फुटबॉल काय, रोजच असतो, असं त्याची आई म्हणाली होती.

गुरुवारी टाकी आली. क्रेननं वर चढवताना तिचा एक पाइप आमच्या छत्रीला घासून गेला. नेमकं मी टीव्हीसमोर नातीला भरवत होते. चित्राचे चौकोन झाले आणि मग काळं. कार्यक्रमाला थोडाच वेळ उरलेला. मेकॅनिकचा फोन लागेना. भास्करला बाजारातून बोलावलं, तो भट्टी सोडून धावत आला. आणि हिलाल, तोही आला. आईनं पाठवला होता. पांढरा झगा कमरेला खोचून तो गच्चीवर गेला तेव्हा मला त्याची जरा दयाच आली.

मग जी कवायत झाली ती झाली. गच्चीवर ते दोघं, एक धरतो, एक फिरवतो. जिन्यात सारिका, कडेवर नात. आमच्या दारात झुवेनाबाई. टीव्हीसमोर मी. वरून फिरवायचे, मी इथनं ओरडायची, "न्हाई." झुवेनाबाई तेच जिन्यात ओरडायची, "न्हाई." सारिका वर सांगायची. परत फिरवायचे. न्हाई. न्हाई. तिला तो शब्द इतका आवडला की मी तोंड उघडायच्या आधीच ती न्हाई म्हणायला लागली. मधेच चित्र आलं आणि मी ओरडले आलं आलं, तरी ही आपली न्हाईच म्हणतेय, आणि वरच्यांनी ते परत घालवलं. मी उठून गेले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. शेवटी चित्र आलं. मी तिचा हात दाबला. ती गप्प राहिली. वर सारिकानं सांगितलं, हलवू नका, आवळा.

सगळे खाली आले. झब्बेवाला चालू झालेला होता. भास्कर जमिनीवर बसला, हिलाल दाराशी उभा राहिला घाम पुसत. झुवेनाबाई आपल्या कोपऱ्यात बसली, आणि टीपॉयवरचा रिमोट उचलून मांडीवर घेतला.

सुनंदा माझीच मोरपंखी साडी नेसली होती. न विचारता. पण दिसत होती चांगली. मुंबईहून आणलेल्या दिव्यांच्या उजेडात तोंड धुतल्यासारखं उजळलं होतं. पहिल्या खेळात जिंकली, दुसऱ्यात हरली. मग झब्बेवाल्यानं माईक तिच्या तोंडाशी धरला.

"वहिनी, सासूबाई कुठं दिसत नाहीत?"

"मस्कतला हाईत."

"एवढ्या लांब? मग आता मोकळेपणानं बोला. त्यांची एक सवय सांगा."

मंडप हसला. सुनंदानं पदर सावरला, माईककडं बघितलं, तोंड उघडलं. आणि लागली जाहिरात.

झुवेनाबाईनं बटण दाबलं.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. तेलुगू मारामारी दिसली. भास्कर म्हणाला, "आई, अगं," आणि तोवर रिमोट माझ्या हातात होता. मी तिच्या हातून तो ओढून घेतला होता. पाहुणीच्या हातून, मालकाच्या आईच्या हातून, तिच्या मुलाच्या देखत. हिलाल दाराशी ताठ झाला. पण मला त्या वेळी हिलाल दिसत नव्हता. मला आकडे येतात तेवढे येतात, मी ते एकेक करून दाबले. साबण, साबण, मग मंडप.

सुनंदा बोलत होती.

"...तसं काय न्हाई. आत्यांचं एकच हाय. पाहुणा आला की टीव्हीचा रिमोट त्याच्या हातात देत्यात. देत्यात, पन सोडत न्हाईत. पाहुणा इकडनं धरतो, आत्या तिकडनं. शेवटी पाहुणाच सोडतो."

मंडप फुटला. झब्बेवाला वाकून हसत होता. "म्हणून पाठवून दिलं का मस्कतला?"

"न्हाई वो. धाकट्या जावेला मुलगी झाली म्हणून गेल्यात. मीच आमचा डबा काढून त्यांच्या बॅगेत घातला. म्हटलं परक्या मुलखात हातात काय तरी आपलं असावं."

"आणि इथं तुम्हाला टीव्ही?"

"नवा आणलाय. रिमोट आपला तसाच पडून असतो दिवसभर. कुणी उचलत न्हाई."

झब्बेवाल्यानं माईक दुसरीकडं नेला. साडी तिला मिळाली नाही, दुसऱ्या एकीला मिळाली. पण ते मी बघितलं नाही धड. झुवेनाबाईच्या उदाचा धूर अंगावरच्या कपड्यातून येतो, त्यानं डोळ्याला पाणी येतं.

बघते तर सगळे माझ्याकडं बघत होते. भास्कर तोंडावर हात धरून हसत होता, मेला. झुवेनाबाईनं सारिकाला विचारलं, बहू काय बोलली. सारिकानं हिंदीतून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. एका टोकाला पाहुणा, एका टोकाला सासू, हे तिनं दोन्ही हातांनी करून दाखवलं.

झुवेनाबाईनं माझ्या हातातल्या रिमोटकडं बघितलं. मला वाटलं, आता ही उठणार, चपला घालणार, आणि उद्या छत्री खाली. हिलालनं आईकडं बघितलं. पण ती हसायला लागली. आवाज न करता, अंग हलवून, बराच वेळ. मग तिनं उजवा अंगठा माझ्यापुढं धरला.

"तुम ने पहला दिन मेरे हाथ में दिया," ती म्हणाली. "घरवाली अपने हाथ से देता, मेहमान वापस कैसे करेगा? ऐब है, शरम की बात. मैं रोज़ पकड़ के बैठती. सोचती, ये कब वापस लेगी, कब वापस लेगी." तिनं अंगठा चोळला. "मेरी आँख को नंबर भी नहीं दिखता. फिर भी तुम ने काम दिया, तो कुछ तो दबाना चाहिए."

आणि दोन्ही हात रिकामे करून दाखवले, सुटले बाई एकदाची, असे.

त्या दिवसाला आता बरीच वर्षं झाली. मी विट्यात आहे, रिमोट माझ्याकडं आहे, आणि तिनं निघताना दिलेल्या उदाच्या डबीत मी सुया ठेवते. पण तेव्हा त्या सोफ्यावर माझ्या डोळ्यांसमोर ती किटली आली. मी नको म्हटलं नव्हतं म्हणून ती ओतत राहिली होती. तिनं नको म्हटलं नाही म्हणून मी रोज मनातल्या मनात तिला जेवणावळीतून उठवत होते.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, की आता ही काय म्हणते. माफी वगैरे मला जमत नाही. मी रिमोट पदराखाली घेतला, चिवड्याची ताटली तिच्या पुढ्यात सरकवली आणि सरळ मराठीत सांगितलं.

"हे बघ झुवेना, पाहुण्यानं एकदा तरी नको म्हणायचं असतंय. तू इतक्या दिवसांत एकदा बी म्हणाली न्हाईस. म्हंजी तू पाहुणी न्हाईस, घरचीच हाईस. आन घरच्या मानसाच्या हातात ह्या घरात रिमोट देत न्हाईत. गप बस आन चिवडा खा."